कोचवाल्याच्या पोटातली चूक

कोच दुरुस्त करणाऱ्यांच्या भाषेत चूक म्हणजे अपराध नव्हे. चूक म्हणजे चपट्या डोक्याचा, सुईसारख्या टोकाचा, नखाएवढा खिळा. कापड लाकडावर ताणून बसवायचं तर एक हात कापडाला लागतो, एक हातोडीला. मग चुका धरायच्या कुणी? म्हणून जुने कारागीर चुका तोंडात टाकायचे. जिभेने एकेक फिरवून ओठांवर आणायची, चुंबकाच्या हातोडीने तिथूनच टिपायची आणि एका ठोक्यात लाकडात.

या गोष्टीतला कोचवाला त्या जुन्यांपैकी एक. त्याच्या गल्लीत त्याला दुसरं नाव नव्हतं. म्हातारे त्याला ‘ए कोचवाले’ म्हणायचे, पोरं ‘कोचवाले काका’. काम सुरू असलं की तो मुका. गिऱ्हाइकाने काही विचारलं तर एक हुंकार म्हणजे हो, दोन म्हणजे उद्या या. हे कसब त्याने मिसरूड फुटायच्या आधी चुलत्याकडून उचललं होतं, आणि चुलता म्हणजे जमदग्नी. पहिल्याच दिवशी त्याने पुतण्याच्या तोंडात चुका भरल्या आणि बजावलं, “तोंड बंद, हात चालू. आणि एक ध्यानात ठेव, चूक गिळतो तो कारागीर नव्हे. एकाने गिळली होती. आठवडाभर हिंडला फिरला, आणि मग जेवता जेवता आडवा झाला तो उठलाच नाही.”

ही गोष्ट पुतण्याच्या मनात अशी रुतली, की पुढे साठीला टेकला तरी निघाली नाही.

तोंडाचा असा तिसरा हात करून वापरल्यावर तोंडाचं जे व्हायचं ते झालं होतं. सुतळी दातांनी तोडायची, अडकलेली चूक दातांनीच उपटायची. पुढच्या दातांना खाचा पडल्या होत्या. हिरड्या सुजून लालभडक. सकाळी चूळ भरली की पाणी गुलाबी. डाव्या बाजूची खालची दाढ दुखायला लागली तसा तो उजव्या बाजूने चावायला लागला. मग उजवीकडचीही हलायला लागली. तेव्हापासून त्याने चावणंच सोडलं. घास तोंडात गेला की जिभेने इकडून तिकडे केला न केला, आणि गिळला. दाताच्या डॉक्टरची भीती वाटते का, असं कुणी विचारलं असतं तर तो हसला असता. भीती कसली? वेळ नाही एवढंच.

दुखणं मारायला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गोळ्या मिळत होत्या. सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर एक, दुपारी एक, ठणका जास्त असला तर आणखी एक. पोटात जळजळलं की वरून पित्ताची गोळी. दुकानदार आता काय हवं विचारतही नव्हता. कोचवाला दिसला की दोन पाकिटं काचेवर ठेवायचा.

कोचवाल्याच्या दुकानात त्याच्याबरोबर त्याची लेक असे. कचेरीतली नोकरी सोडून ती वडिलांच्या धंद्यात आली, शिवणाचं मशीन तिने ताब्यात घेतलं आणि वर्षभरात हवेवर चालणारी पिना मारायची बंदूकही आणली. बटण दाबलं की फट्ट, पिन लाकडात. कोचवाल्याने त्या बंदुकीला कधी हात लावला नाही.

“बाबा, एकदा वापरून तर बघा.”

“बंदुकीने माणसं मारतात. कोच नाही.”

तर असं सगळं चाललेलं असताना एका जुन्या नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम आलं. बैठका उपटून दुकानात रचलेल्या, आतला काथ्या कुजून त्याचा भुगा झालेला. दाढेचा ठणका कानापर्यंत पोचला होता. कोचवाला चुका तोंडात धरून एका बैठकीवर वाकला आणि काथ्याची धूळ नाकात गेली. शिंक आली ती थांबवायला गेला, आणि थांबवता थांबवता फुटली. चुका फरशीवर खळखळल्या. त्याच क्षणी घशात काहीतरी ओरखडत खाली गेलं.

“काय झालं?” मशीन थांबवून लेकीने विचारलं.

“काही नाही. शिंक.”

तो गुडघ्यांवर बसून चुका वेचायला लागला. पण तोंडात किती होत्या हे कुणी मोजून का टाकतं? सगळ्या सापडल्या की एक कमी, हे सांगायला देवही साक्षीला नव्हता. घशात मात्र टोचल्यासारखं होत होतं. तो पाणी प्याला. पुन्हा प्याला. टोचणी हळूहळू खाली सरकली, की सरकल्यासारखी वाटली, आणि मग छातीच्या मागे कुठेतरी हरवली.

त्या दिवसापासून हा माणूस स्वतःच्या पोटावर पहारा द्यायला लागला. खोकताना पोट धरायचा. वाकताना आधी श्वास रोखायचा. केळी खायला लागला, कारण केळ्यात गुंडाळून खिळा बाहेर येतो असं कधीतरी ऐकलं होतं. लेक म्हणाली, “बाबा, हल्ली तुम्ही डोहाळे लागल्यासारखे चालता.” तो हसला नाही.

बायकोला सांगणं सगळ्यात सोपं होतं. ती पाळणाघरात लहान मुलं सांभाळायची. बटणं, मणी, पेन्सिलीची टोकं गिळलेली पोरं तिच्या हातून किती गेली असतील. एकदा जेवताना त्याने विषय काढलाही.

“तुमच्याकडे एखाद्या पोराने खिळा गिळला तर काय करता गं?”

“आधी त्याच्या आईला फोन, मग सरळ दवाखाना. का हो?”

“सहज.”

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या ताटाकडे. पावाच्या कडा तोडून त्याने बाजूला सारल्या होत्या आणि मधला मऊ भाग रश्शात बुडवून नुसता गिळत होता. तिलाही भीती वाटत होती, पण तिची भीती वेगळीच होती. सासरे पोटाच्याच दुखण्याने गेले होते; तेही शेवटी असेच खायचे.

म्हणजे एकाच ताटाभोवती दोघं दोन वेगवेगळी मरणं घेऊन बसली होती, आणि दोघांपैकी कुणी तोंड उघडत नव्हतं.

पोटात आता रोज आग पडायची. बेंबीच्या वर, एका ठरावीक जागी, कुणी तापलेली सळई टेकवावी तशी. कोचवाल्याला जागा अगदी बोट ठेवून दाखवता आली असती. इथेच आहे ती, तो स्वतःशी म्हणायचा. इथे रुतून बसलीय. दाढेचं दुखणं त्यापुढे काहीच नाही, असं समजून तो दाढेसाठी गोळ्या घेतच राहिला. उलट पोट दुखलं की आणखी एक. मग एका सकाळी शौचाला डांबरासारखं काळं पडलं. त्याने भिंतीला हात टेकला. आतून कापतेय, एवढंच त्याच्या मनात आलं.

आता तरी जायला हवं होतं. पण जायचं म्हणजे सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे लेकीसमोर कबूल करायचं की बंदुकीला नाकं मुरडणारा बाप, नवशिक्यासारखा चूक गिळून बसला. नाट्यगृहाचं काम संपू दे, मग बघू, असं त्याने ठरवलं. माणूस मरणाशीही तारीख ठरवतो.

काम संपलं. पण त्याच सुमारास एका गिऱ्हाइकाचा तीन माणसांचा कोच पोचवायचा होता. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद. हमाल आला नाही. लेक म्हणाली, उद्या नेऊ. कोचवाला म्हणाला, “उद्या कशाला? आपण दोघं आहोत ना.”

लेक वर, तो खाली. कोच उभा तिरपा करून एकेक पायरी चढवायचा. पहिला मजला ठीक गेला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कोचाचा पाय कठड्यात अडकला.

“बाबा, जरा डावीकडे घ्या.”

कोच हलला नाही.

“बाबा?”

कोचाच्या पलीकडे तिला वडील दिसत नव्हते. फक्त लाकडी चौकटीला धरलेली त्यांची बोटं दिसत होती. ती बोटं पांढरी पडली होती, आणि बघता बघता त्यातली दोन सुटली.

इकडे कोचवाल्याच्या डोळ्यांपुढे जिना विरघळत होता. कानात शिट्टी वाजत होती, अंगाला गार घाम सुटला होता. सोडलं तर सगळं वजन आपल्या छातीवर येणार हे त्याला कळत होतं, पण हात ऐकत नव्हते. त्याने खांदा कोचाखाली घातला आणि पाठ भिंतीला टेकवली.

“पोरी,” तो म्हणाला, “धरून ठेव. माझ्या पोटात खिळा आहे.”

“काय आहे?”

“चूक गिळलीय मी.”

आणि तो बसला. बसला म्हणजे भिंतीवरून घसरत खाली गेला. कोचाचं सगळं ओझं लेकीच्या हातांवर आलं. तिने तो ओढून धरला, गुडघा पायरीला रुतवला आणि जिवाच्या आकांताने ओरडली. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं, पायमोजे घातलेला एक गृहस्थ धावत आला, त्याच्यामागे त्याची आई. तिघांनी मिळून कोच कसाबसा भिंतीला टेकवला. लेक कोचावरून चढून खाली आली तेव्हा वडिलांचे ओठ कागदासारखे झाले होते. त्यांना ओकारी झाली. कॉफीच्या चोथ्यासारखी, काळी.

रुग्णालयात डॉक्टर काही विचारायच्या आतच लेक सांगत सुटली: खिळा, चूक, शिंक, काही धड कळेना. त्याला आडवं करून एका हातात सलाईन, दुसऱ्यात रक्त लावलं. बायको पाळणाघरातून तशीच आली होती. तिच्या खांद्यावर कुणा बाळाचं लाळेरं अजून होतं.

क्ष-किरणांचा फोटो झाला. पोटाच्या डॉक्टर एक बुटक्या, घाईत बोलणाऱ्या बाई होत्या. त्या फोटो उजेडासमोर धरून म्हणाल्या, “खिळाबिळा काही नाही.”

“नीट बघा,” कोचवाला पुटपुटला.

“घशापासून खालपर्यंत बघितलंय. धातूचा कण नाही. गेला असलाच, तर केव्हाच वाटेला लागला.”

इतके आठवडे ज्या शत्रूवर पहारा दिला तो घरात नव्हताच. त्याला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, उलट जास्तच भीती वाटली. “मग रक्त कुठून येतंय?”

“तेच बघायचंय. घशातून नळी घालून पोटात बघावं लागेल, आणि आत्ताच. रक्त अजून थांबलेलं नाही. तोंड उघडा.”

त्याने ओठ मिटून घेतले. मरणाच्या दारातही माणसाला लाज सुटत नाही. नर्सने समजावलं, बायकोने हात दाबला. शेवटी लेक पुढे झाली. तिचे दोन्ही तळवे कोचाच्या कडेने सोलवटले होते.

“बाबा, उघडा. तुम्ही मेला असतात आज माझ्या पायांखाली. आता तरी उघडा.”

त्याने तोंड उघडलं.

डॉक्टरबाईंनी बॅटरी धरली आणि त्यांचं बोलणंच थांबलं. हिरडी बोटाने दाबली तर पू आला. मग त्यांनी उजवीकडची दाढ हलवून पाहिली. ती पिकल्या फळासारखी डुलली. त्या मागे वळून म्हणाल्या, “दातांच्या डॉक्टरांना बोलवा. पळत या म्हणावं. नळी घालताना ही दाढ सुटली आणि श्वासनळीत गेली तर आपण पोट सोडून भलत्याच गोष्टीमागे लागू.”

मग ते थांबणं. यंत्रावर रक्तदाबाचा आकडा उतरत होता. नर्सने रक्ताची दुसरी पिशवी लावली. बायको आकड्याकडे न बघता दाराकडे बघत होती, लेक दाराकडे न बघता आकड्याकडे. दातांचे डॉक्टर आले, तरुण, धापा टाकत. त्यांनी चिमटा लावला आणि जोर करायची वेळही आली नाही. दाढ आपण होऊन हातात आली.

“एवढंच?” कोचवाल्याने विचारलं. या एवढ्याशा गोष्टीला तो कित्येक वर्षं टाळत आला होता.

दोघींना बाहेर पाठवलं. बाकावर बसल्यावर बायको पहिल्यांदा बोलली. “मला वाटलं होतं, तुझ्या आजोबांचंच दुखणं आलंय. म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं झालं असतं.” लेकीने तिचा हात धरला, तळव्याची आग होत होती तरी.

डॉक्टरबाई बाहेर आल्या त्या कपाळावरची टोपी मागे सारतच. “व्रण आहे. पोटातली जखम. खोल आहे, पण आम्हाला सापडली. रक्त थांबवलंय. तिथे एक बारीकसा धातूचा चिमटा लावलाय.” मग स्वतःशीच हसल्यासारखं करून म्हणाल्या, “त्यांना सांगा, खिळा नव्हता, पण आता मी ठोकलाय. सुटून जाईल आपोआप. दुसरं काही वाईट दिसलं नाही, तरी व्रणाचा तुकडा तपासायला पाठवतेय.”

तपासणीचं उत्तर येईपर्यंतचे दिवस सगळ्यात वाईट गेले. रक्त थांबलं होतं, पण त्या तुकड्यात काय निघेल हे कुणी सांगू शकत नव्हतं. कोचवाला खाटेवर पडून छताकडे बघायचा. बायको येऊन बसायची, आणि आता मात्र दोघं बोलायची. पहिल्या दिवशी ती भांडली, पोटभर भांडली. “मी दिवसभर परक्यांच्या पोरांची तोंडं उघडून बघते, आणि माझ्या घरातल्या माणसाने माझ्यापुढे इतकी वर्षं तोंड मिटून ठेवलं!” दुसऱ्या दिवशी ती रडली. तिसऱ्या दिवशी भाताची पेज घेऊन आली आणि म्हणाली, “हळू. पातळ असली म्हणून ढकलायची नाही.”

उत्तर आलं. कर्करोग नव्हता. व्रण करणारा एक जंतू मात्र पोटात सापडला होता.

डॉक्टरबाईंनी तिघांना समोर बसवलं. “खिळ्याने तुम्हाला काही केलं नाही. गोळ्यांनी केलं. दुखणं मारणाऱ्या या गोळ्या पोटाचं अस्तर उघडं पाडतात, त्यात तुम्ही उपाशीपोटी घेत होतात. हा जंतूही त्याच अस्तरावर बसलेला. आणि वरून घास न चावता. दातांचं काम पोटावर टाकलंत.”

“दाताचं पोटाशी इतकं काय?” कोचवाल्याने विचारलं. त्याला अजून पटत नव्हतं. दात वर, पोट खाली. मध्ये केवढं अंतर.

“वरच्या मजल्यावर मोरी तुंबली तर पाणी कुठे येतं?”

“खालच्या मजल्यावर.”

“मग? त्या हिरड्यांमधलं सगळं तुम्ही रात्रंदिवस लाळेबरोबर गिळत होतात. पोटातलं आम्ल त्यातलं बरंचसं मारतं. पण तुम्ही पित्ताच्या गोळ्या घेऊन पहारेकऱ्यालाच झोपवलंत. आता व्रण भरायला काही दिवस तशाच गोळ्या मीही देणार आहे, तेव्हा तोंड साफ हवंच. हा जंतू दातांवरच्या किटणातही सापडतो. तिथून तो पुन्हा पोटात उतरतो का, यावर आमच्यात अजून एकमत नाही, खोटं कशाला सांगू? पण तोंड असं ठेवून मी नुसतं पोट बरं करणार नाही. दोन्ही बरोबर करायचं.”

आणि दोन्ही बरोबर झालं, पण सुखासुखी नाही. जंतूवरच्या औषधांनी तोंड कडू झालं, पोट बिघडलं, आणि पहिल्या खेपेला जंतू गेलाच नाही; वेगळी औषधं पुन्हा घ्यावी लागली. हिरड्या खरवडून साफ करायला दातांच्या डॉक्टरकडे फेऱ्या. खुर्चीत बसलं की कोचवाल्याची बोटं खुर्चीच्या हातांवर घट्ट आवळली जायची. एकदा भूल उतरायची वाट बघताना त्याने त्या खुर्चीचं फाटलेलं कातडं बोटाने चाचपलं आणि गालात कापूस असतानाही म्हणाला, “हे कुणी शिवलंय? टाका चुकलाय.” आणखी तीन दात गेले. जे राहिले ते घट्ट झाले. जागा भरायला काढता घालता येणारी कवळी आली, आणि दुखणं गेल्यावर त्या गोळ्यांची गरजच उरली नाही.

खरं अवघड गेलं ते चावणं. इतक्या वर्षांत तो विसरूनच गेला होता. पहिला पावाचा तुकडा त्याने इतका वेळ घोळवला की लेक वैतागली, “बाबा, गिळा आता, उद्या दुकान उघडायचंय.” पण हळूहळू पोटातली सळई विझली. जळजळ गेली, आणि चुळीच्या पाण्यातला गुलाबी रंगही.

दुकानात चुका आता मनगटाला बांधलेल्या चुंबकाच्या पट्टीवर असतात. बराचसा माल लेक बंदुकीनेच ठोकते. जुन्या नक्षीदार खुर्च्या तेवढ्या तो हाताने करतो. तोंड मोकळं झाल्यामुळे तो कामात बोलायला लागला आहे, आणि इतकं बोलतो की गिऱ्हाइकांनाही आता उद्या येतो म्हणून सटकावं लागतं. कोणी गाल धरून दुकानात आला, की कोचाचं राहतं बाजूला. त्याची उलटतपासणी सुरू होते. किती दिवस दुखतंय? गोळ्या खातोस का? उपाशीपोटी? पोरं त्याला चोरून ‘दातवाले काका’ म्हणतात.

परवा जेवताना तो बोलता बोलता एकदम थांबला. समोर बायको जेवत होती. घास डाव्या गालात घेत होती, आणि चावताना तिचा उजवा डोळा किंचित मिटत होता.

“किती दिवस?” त्याने विचारलं.

“काय किती दिवस?”

“उजवी बाजू.”

“काही नाही हो. जरासं ठणकतं. पाळणाघराला सुट्टी लागली की बघू.”

कोचवाल्याने ताट बाजूला सारलं आणि चपला शोधायला उठला.

“अहो, जेवण तरी पुरं करा!”

“तू कर,” तो दारातून म्हणाला. “सावकाश चावून. मी रिक्षा आणतो.”